सत्तेचाळीस नंबरची पेटी

तोसोर,
६ जून, शुक्रवार

झूराकान एजे,

तुमचे गुडघे, तुमच्या बालिकचीचा वारा, शेजारीपाजारी सगळं बरं आहे ना? आमच्याकडे माणसं आणि गुरं सुखरूप आहेत. झालं विचारून. एजे म्हणते, मोठी ताई मानते, तरी आता भांडते.

माझ्या पेट्या कुठे आहेत?

आज सकाळी ओरोझची गाडी बालिकचीहून परत आली तेव्हा मी रस्त्यावरच उभी होते; दुपारी ती भाजी घेऊन पुन्हा तिकडे निघते. त्यानं मागचं दार उघडलं तर आत मोकळी जागाच जास्त. चार शुक्रवार झाले, एजे. साठ घरांना आपला भाजीपाला जातो, प्रत्येक घराच्या नावच्या दोन पेट्या. एक भरून गेली की दुसरी तिकडून परत यायची, इतकं ते सरळ आहे. पैसे भरणारी चाळीस घरं नियमानं परत करतात. पण ४१ ते ६०, म्हणजे एकटी राहणारी आपली वीस म्हातारी माणसं, ज्यांना त्या चाळीस घरांच्या जिवावर आपण फुकट देतो, त्यांच्या चाळीस पेट्यांपैकी अडतीस गडप झाल्यात. ५२ नंबरनं तेवढ्या दोन्ही परत केल्या, त्याही वेंधळेपणानं. आत कागदात बांधलेली चार चॉकलेटं तशीच राहिली होती. ती ओरोझनं खाल्ली.

माझ्या नवऱ्यानं, सुबाननं, अख्खा हिवाळा घालवून बापाचा मेंढ्यांचा गोठा पाडला आणि त्या फळ्यांच्या या पेट्या ठोकल्या. मेंढ्या नाहीत तर गोठा ठेवून काय करायचं, असं मीच म्हटलं होतं. लाल रंगानं नंबर मी स्वतः काढले. आता गोठाही नाही आणि पेट्याही नाहीत.

मुळा, कांद्याची पात, पालेभाजी मी गोणीत कोंबून पाठवतेय. पण पाच आठवड्यांत जर्दाळू पिकतील. गोणीतले जर्दाळू बालिकचीला पोचेपर्यंत त्यांचा मुरंबा होतो. हे पिकवणाऱ्या आम्हा नऊ बायकांचं सगळं वर्ष त्या दहा-बारा दिवसांवर उभं आहे. पेट्या नसल्या तर रस्त्यावर दलाल टपलेलाच आहे, तो म्हणेल त्या भावाला झाडं मोकळी करायची. आणि मग पुढच्या वसंतात इथे कोण वाफे काढणार? सुबान मला काही बोलत नाही, पण मला कळतं. यंदा हे जमलं नाही तर आम्हीही त्याच वाटेनं जाणार, ज्या वाटेनं निम्मं तोसोर रशियाला गेलं.

यादीत नावं नकोत, नुसते नंबर हवेत, हा तुमचाच हट्ट. म्हाताऱ्यांना ओशाळं वाटेल म्हणालात. म्हणून मी तुम्हालाच विचारते, हा ४७ नंबर कोण आहे? बाकीचे निदान दुसरी पेटी ठेवून घ्यायला महिना लावतात. या बाईनं, की बाबानं, पहिल्या दोन आठवड्यांत दोन्ही पेट्या पोटात घातल्या.

फोन करत नाही, कारण फोनवर मी ओरडते आणि तुम्ही हसता.

तुमची,
चिनारा

बालिकची,
११ जून

चिनारा,

तुझं पत्र गोणीच्या तळाशी, मुळ्यांच्या खाली सापडलं. त्याला मातीचा वास येतो आणि तुझा राग येतो, दोन्ही ताजे.

तुझ्या पेट्या कुणी खात नाही. आहेत, असतील, येतील. मी मासे धरायच्या जाळ्यांच्या कारखान्यात सव्वीस वर्षं काढली, तेव्हा एवढं सांगते की घाईनं ओढलेली गाठ सुटत नाही, ती मग कापावी लागते.

४७ नंबरचं विचारतेस. बाई आहे, माझ्याच जिन्यात राहते. एकटी, गुडघ्यांनी अधू, जिभेनं नाही. तुझा निरोप तिला दिला. ती म्हणाली, माझी बाल्कनी मेलेल्या नवऱ्याच्या जाळ्यांनी भरलेली आहे, त्या पोरीच्या दोन पेट्यांनी काय फरक पडतो, वेळ आली की देईन. कसली वेळ ते सांगितलं नाही. जास्त खोदून विचारलं असतं तर मलाच ऐकावं लागलं असतं.

पहिल्या शुक्रवारी तू प्रत्येक पेटीत धुतलेलं कापड अंथरून वर गरम नान ठेवली होतीस, त्याची चर्चा जिन्यात अजून चालू आहे. ४४ नंबरचा म्हातारा, बोटीवरचा जुना यांत्रिक, नान हातात घेऊन बराच वेळ जिन्याच्या पायरीवर बसला होता. ४७ नंबरवालीनं तर ते कापड धुऊन, इस्त्री करून ठेवलंय. कशाला म्हटलं, तर म्हणते, लागेल.

माझं उत्तम चाललंय. माझा मेदेर तिकडे रशियात, सुरगुतला मजेत आहे, दर रविवारी त्याचा फोन असतो. लेक असा असल्यावर मला तुमच्या यादीची गरज नाही हे तुला आधीच सांगितलंय. जिन्याखाली माल उतरवून घेणं आणि वाटणं एवढं मी आनंदानं करते.

आणि त्या वाटेचं नाव पत्रात काढत जाऊ नकोस.

झूराकान

तोसोर,
१३ जून

एजे,

आज दोन पेट्या आल्या. दोन. आणि त्यासुद्धा ५२ नंबरच्याच, पुन्हा, आत एक मोज्याचा जोड घेऊन. या बाईला कुणीतरी सांगा की परत करण्याआधी पेटीत एकदा डोकावत जा.

तुम्ही गाठीची गोष्ट सांगता. तुम्हाला तिथे बसून उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं? आमच्या नऊजणींपैकी दोघी काल म्हणाल्या की आमचे जर्दाळू आम्ही दलालाला देऊन टाकतो, नाहीतर सडतील. मी त्यांचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. ज्याचं जळतं त्याला कळतं, एजे.

मला आता असं वाटायला लागलंय की माणसाला फुकट द्यायचंच नाही. पैसे भरणारे बघा कसे वेळेवर आणून देतात. आणि हे फुकट खाऊन वर पेटीत कांदे साठवणार, नाहीतर थंडीत फोडून चुलीत घालणार. वय झालं म्हणजे लाज गेली की काय?

सोबत वीस कागद पाठवतेय. एकेका दारावर लावा. लिहिलंय ते असं: रिकामी पेटी परत केल्याशिवाय पुढचा भाजीपाला मिळणार नाही. ‘रिकामी’ मुद्दाम मोठ्या अक्षरात लिहिलंय, म्हणजे मोजे येणार नाहीत.

चिनारा

बालिकची,
१७ जून

चिनारा,

तुझे कागद लावले. वीसही दारांवर.

आज संध्याकाळपर्यंत सातजण येऊन सांगून गेले की त्यांना यापुढे भाजी नको. ४३, ४४, ४७, ४८, ५०, ५५, ५८. कारणं वेगवेगळी दिली. ४४ म्हणतो त्याचे दात गेलेत. ४७ नंबरवाली म्हणते तिला पाला पचत नाही.

एवढंच.

झूराकान

तोसोर,
२० जून

एजे,

तुमचं पत्र वाचून मला आधी बरं वाटलं, मग वाईट, मग पुन्हा राग आला. म्हणजे पेट्या देण्यापेक्षा भाजी सोडलेली बरी! पोटं भरलीत यांची. सात घरं कमी झाली तर तो भाजीपाला मी काय करू? आणि पाला पचत नाही म्हणे. एवढे दिवस बरा पचला.

तुम्हीही बदललात. चार ओळींत पत्र आटोपता, त्यात एकही टोमणा नाही. त्या ४७ नंबरवालीच्या संगतीचा परिणाम दिसतोय.

आता माझ्या हातात राहिलं नाही. परवा सुबान कुदळ टाकून उठला आणि म्हणाला की गुरुवारी मी स्वतः जातो. ओरोझची गाडी घेऊन तो येईल. दारं तुम्ही दाखवा, बोलणं तो करेल. म्हणजे करणार नाहीच, तुम्ही त्याला ओळखता. दारात उभा राहील, पेटी उचलेल आणि खाली येईल. अडतीस पेट्या घेतल्याशिवाय परत फिरणार नाही असं बापाच्या गोठ्याची शपथ घेऊन म्हणाला. त्या गोठ्यासाठी तो रडला होता, तुम्हाला म्हणून सांगते.

जर्दाळू अजून हिरवे आहेत, पण उन्हाकडच्या फांदीवर एक पिवळा झालाय. रोज उठले की आधी त्याच्याकडेच जाते.

चिनारा

तोसोर,
२८ जून, शनिवार

झूराकान एजे,

तुम्ही लोकांनी माझ्या नवऱ्याचं काय केलंत?

गाडी आली, मी धावले. आत एकही पेटी नाही. माझा नवरा पुढच्या सीटवर पोट धरून बसलेला, खिशात चॉकलेटं, खडीसाखर, एका खिशात उकडलेलं अंडं. ओरोझ हसून हसून बेजार. त्यानं सांगितलं ते असं, की पहिल्या दारात हा उभा राहिला, तोंड उघडणार तोच आतून म्हातारी नान घेऊन आली. दारात आलेल्या माणसानं नान चाखल्याशिवाय जायचं नाही, हे काय मला माहीत नाही? चाखली. आणि ज्या घरची नान तोंडात आहे त्या घरातून पेटी उचलायला याचा हात होईना. मग दुसरं दार. तिथे नान आणि चहा. असं करत करत अठरा दारं! अठरा घरच्या नान खाऊन हा माणूस रिकामा परत आला. मला सांगा, एजे, वसुलीला गेलेला असा माणूस कुणी पाहिलाय?

मी हसले असते. पण तो घरी आला आणि भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. काय झालं म्हणून तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा म्हणाला, “त्यांनी चोरल्या नाहीत. मला विचारू नकोस.” काल दिवसभर तो पडलेल्या गोठ्याच्या जागेवर नुसता बसून होता.

ओरोझ म्हणतो, शेवटी तो तुमच्या घरी गेला आणि तासभर बाहेर आला नाही. तुमच्याशी तो एक तास काय बोलला? माझ्याशी वर्षात तेवढं बोलत नाही. त्यानं तुम्हाला काही सांगितलं असेल तर ते खरं धरू नका. आमचं अजून काही ठरलेलं नाही.

शेजाऱ्यांची गाडी आज तिकडे येतेय म्हणून त्यांच्याबरोबर पाठवते. शुक्रवारपर्यंत थांबवत नाही मला. घोडं नेमकं कुठे पेंड खातंय ते मला कुणीतरी सांगा. जर्दाळू पिवळे व्हायला लागले.

चिनारा

बालिकची,
३० जून

चिनारा,

बस आणि मग वाच.

सुबाननं सगळं सांगितलं. २२ जुलैची रशियाची दोन तिकिटं काढून ठेवलीत, एक त्याचं, एक तुझं. तू मला चार पत्रं लिहिलीस, त्यात मोजे आले, कांदे आले, पण तिकिटं आली नाहीत. मी लपवलं ते वयामुळे. तू कशामुळे लपवलंस?

हो, मीही लपवलं. ४७ नंबरवाली मीच आहे.

अठरा दारं दाखवून झाल्यावर सुबाननं विचारलं, ४७ कुठे? मी माझ्याच दाराची किल्ली काढली. तो आत आला, माझीही नान चाखली, आणि मग बाल्कनीत गेला. तिथे त्याच्या दोन पेट्या आहेत. मी त्या घासून पुसून ठेवल्या होत्या, तळाशी तुझं इस्त्री केलेलं कापड. बाकी काही नाही. तो जाळ्यांत पाय अडकून तसाच उभा राहिला. मग म्हणाला, “एजे, यात काय भरायचं ठरवलंय?” मी त्याच्यासमोर रडले, आणि मला त्याचा अजून राग आहे.

भरून आलेलं भांडं रिकामं परत द्यायचं नसतं, हे तुझ्या आईनं तुला शिकवलं नव्हतं? शिकवलं होतं, माझ्यासमोर, तुमच्याच घरात. पण तू बिश्केकला जाऊन तीन दिवसांचा वर्ग करून आलीस आणि पेटीला वाहतुकीचं साधन म्हणायला लागलीस. बरं, साधन तर साधन. नुसत्या फळ्यांत भाजी आली असती तर आम्ही पेटी तशीच परतही केली असती. पण तू काय केलंस? तू तिच्यात कापड अंथरलंस. कापडावर नान ठेवलीस. मग ती पेटी राहिली का, बाई? तो पाहुण्यापुढे जेवणाला अंथरतात तो दस्तरखान झाला. विकत घेणाऱ्यांचं वेगळं, त्यांनी पैसे दिले, त्यांचा विषय संपला. आम्ही काय दिलं? म्हणून प्रत्येकजण थांबलाय. पेन्शन येऊ दे, चार चॉकलेटं आणू, एक जोड मोजे विणू, मग देऊ. पेन्शन येते आणि औषधात जाते, आणि तेवढ्यात तुझी दुसरी पेटी येते. ५२ नंबरवाली वेंधळी नाही. तिच्याकडे जुनी लोकर आहे, एवढाच फरक. सुबानला प्रत्येक दारात जी नान मिळाली ती त्या घरातली त्या दिवसाची तेवढीच होती.

आणि वर तुझा तो कागद. ‘रिकामी’ मोठ्या अक्षरात. माझ्या दारावर तो मी माझ्या हातानं चिकटवला, कारण वीस दारं म्हणजे वीस दारं.

आता मेदेरचं. त्याचा फोन रविवारी येत नाही. चौदा महिने आलेला नाही. सुरुवातीला रोज यायचा, मग रविवारी, मग सणाला. मग मी करायला लागले, आणि एक बाई सांगायची की हा क्रमांक बंद आहे. आमचं भांडण झालं नाही. तो जिवंत आहे एवढं त्याच्या एका सोबत्याकडून कळलं. पण काम सुटलं होतं, दुसरं धड मिळालं नव्हतं, आणि पाठवण्यासारखं काही नव्हतं. रिकाम्या हातानं आईला फोन कसा करायचा, असं त्याला वाटत असणार. माझाच मुलगा तो. पेटी तोही बाल्कनीत ठेवून बसलाय.

तिकडे जाणारी माणसं वाईट नसतात, चिनारा. ती नुसती उशीर करतात, आणि मग उशिराचीच लाज वाटायला लागते. तुम्हीही म्हणाल, एक वर्ष. सगळे एकच वर्ष म्हणतात.

जाऊ नकोस. मला याहून शहाणपणाचं काही सुचत नाही. पेट्या हव्या असतील तर सुबानला पुन्हा पाठव, मी स्वतः प्रत्येक दारातून मागून आणते, रिकाम्या. माझ्या दोन सगळ्यांत आधी.

झूराकान

तोसोर,
२ जुलै

एजे,

मी तुमचं पत्र तीनदा वाचलं. मग पुन्हा माझी सगळी पत्रं आठवली, त्यातलं ‘वय झालं म्हणजे लाज गेली की काय’ आठवलं, आणि वाफ्यात जाऊन बसले. आत्ता उठलेय.

तुमच्याशी बोलायला मला तोंड नाही. म्हणून ४७ नंबरवालीला माझा एक निरोप सांगा. ती तुमच्याच जिन्यात राहते, तुमचं ऐकते.

तिला म्हणावं, आम्ही जर्दाळू झाड हलवून पाडतो. खाली चौघी चादर धरून उभ्या राहतो. चादरी फाटल्यात, एक मधोमध इतकी विरलीय की जर्दाळू पडला की आरपार. तिसरा हिस्सा जमिनीवर ठेचला जातो. तो ठेचलेला माल बघूनच दलाल भाव पाडतो. तिच्या बाल्कनीत तिच्या नवऱ्याची जाळी पडून आहेत, सुबाननं पाहिलीत, त्याचा पाय त्यात अडकला तेव्हा तुटला नाही इतकी धड आहेत. ती जाळी झाडाखाली कमरेइतक्या उंचीवर ताणून बांधली तर फळ जमिनीला लागणारच नाही. पण कापायची कशी, कडा कशा ओवायच्या, हे आम्हा डोंगरातल्या बायांना काय कळणार? सव्वीस वर्षं जाळी विणलेली बाई लागते. मला सहा झाडांपुरती हवीत. अकरा तारखेच्या आत.

हे मी तिचं मन राखायला मागत नाही, एजे. मला लागतंय म्हणून मागते. ती नाही म्हणाली तर माझे जर्दाळू यंदाही मातीत जाणार आहेत.

बाकीच्यांना सांगा की पेट्या भरून पाठवा. काय ते मी विचारणार नाही. मूठभर मीठ असलं तरी माझं स्वयंपाकघर अळणीच असतं, सुबानला विचारा. ज्या सातजणांनी भाजी सोडली त्यांची भाजी या शुक्रवारपासून पुन्हा येईल, दात असोत नसोत.

तो कागद फाडा. सगळ्यांत आधी तुमच्या दारावरचा.

तिकिटांचं तुम्हाला लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर ते खरं झालं असतं. सुबान म्हणतो, आधी जर्दाळू बघू.

चिनारा

बालिकची,
१० जुलै

चिनारा,

उद्या ओरोझला सांगणार आहे, गाडी सावकाश हाक. अडतीस पेट्या चालल्यात आणि एकही मोकळी नाही.

४७ नंबरवालीला तुझा निरोप सांगितला. आधी म्हणाली, जाळ्यानं जर्दाळू धरतात होय, या पोरीचं डोकं फिरलंय. मग रात्रभर विचार करून सकाळी बाल्कनीतून सगळी जाळी ओढून जिन्यात आणली. ४३ आणि ५८ याही कारखान्यातल्याच, एक माझ्या शेजारच्या यंत्रावर असायची. तिघी मिळून सहा दिवस पायऱ्यांवर बसलो. भांडण झालं ते भोकांवरून. ५८ म्हणे बारीक माशाचं जाळं हवं. मी म्हटलं, बारीक भोकात पानंही अडकतील, फळं निवडायला तुला पाठवू का तोसोरला? शेवटी मधलं ठरलं. माणसं जिन्यातून वर जाताना आमच्या अंगावरून पाय टाकून जात होती आणि एकानंही तक्रार केली नाही. कारखाना बंद पडल्यानंतर माझ्या बोटांना गाठ मारायला मिळाली नव्हती. ती विसरली नाहीत.

४४ नंबरच्या म्हाताऱ्यानं बोटीवरची शिट्टी पाठवलीय. फळांवरची पाखरं हाकलायला, म्हणतो. जपून वाजव, कान बसतील. अडतीसांखेरीज ५२ ची पेटीही आहे, तीत पुन्हा मोजे, पण या वेळी मापाचे. कुणाचा चहा आहे, कुणाची सुई-दोऱ्याची डबी. ५० नंबरवालीला काहीच सापडेना, म्हणून ती गाडी लागते ती सगळी जागा झाडून आली आणि तिच्या पेटीत केरसुणी ठेवली. ती तुझ्याकडेच राहू दे, तिच्याकडे दुसरी आहे.

जाळं बांधताना चार कोपरे आधी सैल ठेव, फळं पडायला लागली की मग ताण. जास्त ताणलंस तर फळ उडून बाहेर जाईल. दुसरं म्हणजे जाळ्याच्या एका कडेला निळा दोरा आहे, तिथे माझ्या नवऱ्याची गाठ आहे. ती सोडवू नकोस.

आणि बावीस तारखेबद्दल मला काही लिहू नकोस, जोवर ते लिहिण्यासारखं होत नाही.

झूराकान

तोसोर,
२१ जुलै, सोमवार

एजे,

आता लिहिण्यासारखं झालंय.

दोन शुक्रवार जर्दाळू साठही घरांना पोचले हे तुम्हाला माहीत आहे, तुम्हीच वाटलेत. पण झाडाखाली काय झालं ते सांगते. जाळी बांधली, सुबान वर चढला आणि फांदी हलवली. फळं पडली आणि जाळ्यात उड्या मारून गप्प बसली. एकही जमिनीला लागलं नाही. आम्ही नऊ बायका वेड्यासारख्या बघत राहिलो. ज्या दोघी दलालाला देणार होत्या त्यांनी दुसऱ्या दिवशी जाळी आपल्या झाडांसाठी मागून नेली. दलाल दोनदा येऊन उभा राहिला आणि रिकाम्या गाडीनं गेला. निळ्या दोऱ्याची गाठ मी सोडवली नाही.

संध्याकाळी सुबान पेट्या मोजून रचत होता. मधेच म्हणाला की पुढच्या वर्षी आणखी वाफे काढायचे तर पलीकडची दगडं आत्ताच उचलायला हवीत. त्यानं उठून कपाटातून तिकिटं काढली आणि माझं परत करायला ओरोझकडे दिलं.

स्वतःचं ठेवलं. उद्या तो एकटा जातोय. तिकडच्या कामावरच्या मुकादमाला शब्द दिलाय, बर्फ पडायच्या आत येईन म्हणतो. सगळे एकच वर्ष म्हणतात हे मी त्याला ऐकवलं. तो म्हणाला, मी वर्ष म्हटलंच नाही. मला भीती वाटते, एजे, आणि त्याचा रागही येतो. पण मी इथेच आहे. माझ्या पायाखाली तोसोरचीच माती आहे.

आणखी एक. त्या दिवशी त्या एका तासात तुम्ही त्याला मेदेरचा शेवटचा पत्ता दिलात, हे त्यानं मला काल सांगितलं. मुकादमाचं काम त्याच गावाजवळ आहे. छपरावर वाळवलेले जर्दाळू मी एका पेटीत भरलेत, पेटी ४७ नंबरची, तळाशी तुमचं इस्त्री केलेलं कापड, वर एक नान, प्रवासात कडक होईल पण नानच. सुबान ती खांद्यावरून नेणार आहे. मी म्हटलं, एवढी जड पेटी कशाला, पिशवीत घाल. तर म्हणाला, “पिशवी कुणी परत करत नाही.”

४७ नंबरवालीला न विचारता तिची पेटी पाठवली. तिला राग आला तर तुम्ही सांभाळून घ्या.

चिनारा

बालिकची,
७ सप्टेंबर

चिनारा,

आज रविवार आहे आणि आज फोन आला.

त्यानं आधी नुसता श्वास घेतला. मी ओळखलं. मीही काही बोलले नाही, कारण मी तोंड उघडलं असतं तर सोळा महिन्यांचं सगळं बाहेर पडलं असतं आणि त्यानं फोन ठेवला असता. मग त्यानं विचारलं, गुडघे कसे आहेत? म्हटलं, आहेत तसेच. जर्दाळू त्यानं आणि खोलीतल्या चौघांनी मिळून खाल्ले. कापड धुतलंय म्हणाला. इस्त्री नाही तिथे. सुबान दोनदा येऊन गेला, बसला, चहा प्यायला, पेटीबद्दल एक शब्द बोलला नाही. तुझा नवरा वसुलीला तयार झाला म्हणायचा.

शेवटी म्हणाला, “आई, त्या पेटीत मी काय घालून पाठवू? माझ्याकडे काही नाही.”

मी म्हटलं, ते तुझं तू बघ. पण फळ्या सुबानच्या बापाच्या गोठ्याच्या आहेत, टपालानं पाठवू नकोस, आदळतील. हातानं घेऊन ये.

तो हसला की रडला ते मला नीट कळलं नाही, इथे वारा फार होता. बर्फ पडायच्या आत सुबान निघेल तेव्हा त्याच्याबरोबर निघतो म्हणाला. निघेल की नाही मला माहीत नाही. मी बाल्कनी झाडून ठेवलीय, जाळी गेल्यापासून तिथे एक खाट मावते.

शुक्रवारी बटाटे पाठवशील ना? माझ्या दुसऱ्या पेटीत मी थोडा दोरा घालून पाठवतेय. पुढच्या वर्षी झाडं जास्त असतील तर आत्तापासून विणायला घ्यावं लागेल.

झूराकान,
नंबर ४७